खेमाची भूक

अमडापूर
१४ जुलै २००५

प्रिय मंजू,
सप्रेम जयभीम.

बद्रुद्दीनभाईच्या दुकानातून फोन केला असता, पण तिथं चार जण तेल-मीठ घ्यायला उभे असतात अन् आपलं बोलणं संपेपर्यंत एकही हलत नाही. हे लोकांपुढं सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र लिहून राह्यली.

खेमीचं सांगायचं आहे. तू मागच्या मे महिन्यात आली तेव्हा तिले पाहून हसली होती, म्हणाली होती, "काय गं, आत्याले खाऊन टाकशील का?" आता हसायसारखं राह्यलं नाही. पोरगी चार वर्षांची झाली. अंगणवाडीचा लटकता काटा पंचवीस किलोपर्यंतच आहे, तो तिच्या वजनानं खालीच टेकला. विमलबाई म्हणाल्या, "इच्यासाठी दुसरा काटा पाहा." मग तुझ्या दादानं कापूस मोजायच्या काट्यावर नेलं. चौतीस किलो. तिथं बसलेले सगळे हसले. खेमीबी हसली. तिले वाटलं, काहीतरी चांगलं झालं.

जन्मली तेव्हा साधीच होती, तुले ठाऊक आहे. चौथा महिना लागला अन् दूध पुरेना. तेव्हापासून तेच. जेवण झालं की ताट चाटते अन् परत मागते. नाही दिलं तर डोकं भिंतीवर आपटते. परवा गोठ्यात गेली अन् बैलाच्या टोपल्यातली सरकीची ढेप खात बसली. मी बोट घालून तोंडातून काढली तर बोटाले चावली.

लोक म्हणतात, यांच्या घरी काय पिकते असं? गेल्या साली कपाशीचं काय झालं ते साऱ्यांनी पाह्यलं, नव्या बियाण्याची पानं लाल पडून गेली, अन् हिची पोरगी अशी. बायका निंदायच्या ओळीत माह्या मागं बोलतात.

तुझी आई, आमच्या आत्या, म्हणतात, देवीची बाधा. तुझा दादा म्हणतो, त्या बाधेच्या गोष्टी आपण सोडल्या. पण मग हे काय आहे, तेही त्याले सांगता येत नाही. तू रक्त तपासायचं काम करते. तू सांग.

तुझी,
अन्नपूर्णा


पुणे
२ ऑगस्ट २००५

प्रिय अन्नूवहिनी,
जयभीम.

पत्र वाचलं आणि खरं सांगू, रागच आला. तुझा नाही, आईचा. पहिली नात म्हणून ती दिवसभर काही ना काही तिच्या हातात देत असणार. आमच्या इस्पितळात मोठमोठ्या घरची अशी मुलं येतात. आईबाप सांगतात, "काही खात नाही हो," आणि पिशवीत वेफर्सची पाकिटं असतात.

भूक ही सवय असते, वहिनी. लावली तशी लागते. सोबत कागद जोडला आहे. सकाळी एक भाकर, वरण, दुपारी भाजी जास्त, संध्याकाळी अर्धी भाकर आणि ताक. तेल, साखर, बिस्किटं बंद. स्वयंपाकाच्या खोलीला कुलूप लाव आणि किल्ली तुझ्याकडे ठेव, आईकडे नको. ती रडेल. पंधरा दिवस रडेल, मग शांत होईल. तू मऊ पडू नकोस. तू लहानपणापासून मऊच.

आणि लोकांचं ऐकू नकोस.

तुझी,
मंजू


अमडापूर
२६ सप्टेंबर २००५

मंजू,

तू सांगितलं तसंच केलं. चिखलीहून कुलूप आणलं. किल्ली कमरेले. पंधरा दिवस झाले, महिना झाला, दीड महिना झाला. पोरगी शांत झाली नाही.

ती दाराशी बसते अन् कुलूप हातात धरून हलवते. पहाटेपासून. शेजारचे म्हणतात, काय खडखड लावली. मी निंदायले गेली की आत्याजवळ राहते, पण आत्याचे गुडघे, तिच्या मागं किती धावतील? गेल्या सोमवारी निसटली. आम्ही गावभर शोधलं. रंगरावच्या वावरात सापडली, कपाशीच्या तासात बसून हिरवी बोंडं सोलून खात होती. हनुवटीवरून रस गळत होता. मंजू, त्या वावरात आदल्या दिवशीच फवारा मारला होता. बियाणं आणलं तेव्हा दुकानदार सांगे, या कपाशीले फवारा लागतच नाही. पण बोंडअळी नाही तर दुसरं काही येतं, अन् फवारा सुटत नाही.

चिखलीच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिनं तीनदा ओकारी केली. तोंडाले फेस आला. दोन दिवस ठेवलं. वाचली.

घरी आणली अन् मी तिले मारलं. तुझ्यापासून काय लपवू? भीतीनं मारलं, पण मारलं. काठीनं. ती पळालीबी नाही, तिले पळता येत नाही, दम लागतो. उभी राहून मार खाल्ला अन् मी थांबली तेव्हा म्हणाली, "आई, मारून झालं का? आता भाकर दे."

मी भाकर दिली. कागदात लिहिलेल्यापेक्षा जास्त दिली.

तू म्हणतेस सवय. चार वर्षांच्या लेकराची सवय अशी असते का?

अन्नपूर्णा


पुणे
९ ऑक्टोबर २००५

अन्नू,

आज वहिनी लिहवत नाही. ज्या मुलीबरोबर मी नववीपर्यंत एका बाकावर बसले, तिलाच लिहिते आहे. मी चुकले. तुझं पत्र घेऊन मी डॉक्टर मलिहांकडे गेले. आमच्याकडे मुलांच्या ग्रंथींचे आजार त्याच पाहतात. मराठी वाचता येतं त्यांना, पण मीच वाचून दाखवलं. "आता भाकर दे" वाचलं आणि पुढे मला वाचता येईना. त्यांनी पत्र हातात घेतलं आणि विचारलं, "जन्मतः वजन बरोबर होतं? चौथ्या महिन्यापासून? आईवडील नात्यातले?" मी तिन्हींना हो म्हणाले.

नीट सांगते. मीही एम.एस्सी. केलं, पण आपल्याच घरात हे असेल असं वाटलं नाही. आपल्या अंगातली चरबी म्हणजे कोपऱ्यात ठेवलेलं पोतं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. चरबी स्वतः एक प्रथिन बनवते. लेप्टिन म्हणतात त्याला. ते रक्तातून मेंदूपर्यंत जातं, आणि अंगात साठा पुरेसा आहे हे मेंदूला त्यावरून कळतं. मग भूक आवरते. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात हे भरपूर असतं, त्यांचा मेंदू ते नीट ऐकत नाही, ती गोष्ट वेगळी. पण जगात अगदी थोडी मुलं अशी सापडली आहेत की त्यांच्या चरबीला हे प्रथिन बनवताच येत नाही. त्यांच्या मेंदूला चरबी दिसतच नाही. त्याला वाटतं, हे लेकरू उपाशी आहे.

खेमाला तेच असेल असं नाही. तपासायला हवं. दिवाळीच्या सुटीत तिला घेऊन ये. दादाला सांग, तिकिटाचं मी पाहते. बाहेरच्या देशात हे प्रथिन औषध म्हणून तयार करतात, रोज सुईनं देतात. त्याने अशी मुलं सुधारली आहेत.

तोवर तिला मारू नकोस. मी हे लिहावं अशी माझी लायकी नाही, पण मारू नकोस.

मंजू


पुणे
१७ जानेवारी २००६

प्रिय अन्नू,

तुम्ही परत गेल्यापासून माझी खोली सुनी आहे. खेमा जाताना माझ्या खिशातली शेंगदाण्याची पुडी घेऊन गेली, मला दुसऱ्या दिवशी कळलं.

अहवाल आला. तिच्या अंगात एवढी चरबी असताना रक्तात लेप्टिन भरून वाहायला हवं होतं. यंत्रानं दाखवलं, जवळजवळ शून्य. मी स्वतः दुसऱ्यांदा लावून पाहिलं. तेच. डॉक्टर मलिहांनी परदेशातल्या डॉक्टरांना पत्र पाठवलं आहे. ते अशा मुलांना औषध फुकट देतात, पण आपल्या सरकारची परवानगी लागेल, कागद पुष्कळ आहेत. मी रोज मागे लागते आहे.

हे तुझ्या हातच्या जेवणानं झालेलं नाही, आईच्या लाडानंही नाही. हे सगळ्यांना सांग.

तुझी,
मंजू


अमडापूर
२० एप्रिल २००६

प्रिय मंजू,
जयभीम.

तुझं पत्र मी पोलक्यात ठेवून फिरते. जयंतीच्या दिवशी विहारात साऱ्या बाया जमल्या होत्या. बुंदी वाटून राह्यले होते. खेमीनं हात पसरला अन् कोणीतरी म्हणालं, "इले कायले, इचं तर भरलेलं आहे." मी उठली. म्हणाली, माह्या लेकराले आजार आहे, तिच्या चरबीत एक वस्तू बनत नाही, म्हणून तिचं पोट भरल्याचं तिले कळत नाही. तुम्ही तीन दिवस उपाशी राहून पाहा, मग तिले हसा.

विमलबाईनं तिच्या हातावर बुंदी ठेवली. नंतर काहीजणी म्हणाल्याच म्हणे, पुण्याहून चांगला बहाणा शिकून आली. म्हणू दे.

कुलूप काढून टाकलं. आता मी तिच्यासोबत बसते, भाजी जास्त, भाकर थोडी, अन् तिले गोष्ट सांगते. संपेपर्यंत दुसरं मागायचं नाही, असं ठरलं आहे. ती म्हणते, "आई, लवकर संपणारी सांग."

गेल्या पंधरवड्यात अडचणीतल्या शेतकऱ्यांची यादी करायले सरकारी माणूस आला होता. घराची, वावराची सारी माहिती लिहिली. मग खेमी बाहेर आली. त्यानं तिच्याकडं पाह्यलं, लिहिलेलं खोडलं अन् म्हणाला, "खाऊनपिऊन सुखी आहात की." मी अहवाल दाखवला. तो इंग्रजीत. त्यानं उलटासुलटा करून परत दिला.

आणखी एक. मले चौथा महिना लागून राह्यला. तुझ्या दादाले आनंद झाला अन् मग त्यानं खेमीकडं पाह्यलं. मंजू, या लेकरालेबी तसंच होईल का? अन् आम्हालेच काऊन झालं हे? तू काही सांगितलं नाही.

खेमीले खोकला आहे. महिन्यातून एकदा होतोच.

तुझी,
अन्नू


पुणे
५ मे २००६

प्रिय अन्नू,

आनंदाची बातमी, आणि एक नाही, दोन. तुझी, आणि ही की परदेशातल्या डॉक्टरांनी होकार दिला. आता फक्त दिल्लीची परवानगी. ऑगस्टपर्यंत औषध हातात येईल असं डॉक्टर मलिहा म्हणतात. त्यांनी सांगितलं, पहिल्या आठ-दहा दिवसांतच भुकेत फरक पडतो.

बाळाची काळजी आत्तापासून करू नकोस. ते चांगलं निघण्याची शक्यता जास्त आहे. आणि काऊन झालं म्हणशील तर अशा गोष्टी होतात, त्याला कारण नसतं.

खोकल्याकडे दुर्लक्ष करू नकोस. हे प्रथिन नसलं की रोगाशी झुंजणाऱ्या पेशीही कमजोर पडतात. ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात ने.

तुझी,
मंजू


अमडापूर
१४ ऑगस्ट २००६

मंजू,

तू आली, राह्यली, गेली. आज लिहिते.

तू विचारलं होतं, नेमकं काय झालं. ताप आला त्याच दिवशी नेलं. तू लिहिलं होतं ना. पाऊस चालूच होता. चिखलीत म्हणाले छातीत पाणी आहे, बुलढाण्याले न्या. बुलढाण्यात सलाइन लावायले तिची नसच सापडेना. तीन नर्सा आल्या, मग डॉक्टर. हातावर, पायावर, मानेजवळ. खेमी रडली नाही. तिले सुयांचं काही नव्हतं. ती मलेच पाहत होती अन् भाकर मागत होती.

डॉक्टर म्हणाले, तोंडानं काहीही द्यायचं नाही, श्वासात जाईल. मी दिलं नाही. दोन दिवस अन् एक रात्र. माह्या पिशवीत पोळीचा तुकडा होता, तुझ्या दादाचा खायचा राह्यला होता तो. तिले वास येत होता. ती पिशवीकडं हात करायची. मी पिशवी बाहेर नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मागायचं बंद केलं. मले वाटलं, आराम पडला. मी तुझ्या दादाले म्हणाली, पाहा, झोपली.

मंजू, तू शिकलेली आहेस. तू सगळ्यांना सांगते तसं मले सांगू नको. तिले खरंच भूक लागत होती का? का नुसतं तसं वाटत होतं, अन् आत काही दुखत नव्हतं? आत्या म्हणतात, एवढी चरबी होती, तिले कायची भूक. मले ते ऐकून बरं वाटतं. पण खरं काय ते तू लिही.

अन्नपूर्णा


पुणे
२५ ऑगस्ट २००६

अन्नू,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. तीन वेळा खोटं लिहिलं होतं.

तिला खरंच भूक लागत होती. तुला-मला दोन दिवस उपाशी ठेवलं तर जी लागेल, ती तिला जेवून उठल्यावरही लागत होती. त्यात सवय नव्हती, हट्ट नव्हता. ती चार महिन्यांची असल्यापासून उपाशी होती आणि तरी हसायची. पण शेवटी तू दिलं नाहीस ते बरोबरच केलंस. दिलं असतं तर ती तुझ्या हातात गुदमरली असती.

परवानगीचा कागद अकरा तारखेला आला. बारा दिवस उशिरा. मी तो डॉक्टर मलिहांच्या टेबलावर ठेवून आले.

अजून एक लिहायचं आहे. जानेवारीपासून मला माहीत होतं. हा दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन्ही मिळाले तरच होतो. तुझ्यात एक आहे, दादात एक आहे. दोघांकडे तो एकाच आजोबांकडून आला असणार. दादानं मामाचीच मुलगी करावी म्हणून घरात हट्ट कोणी धरला होता? मी. आई दोन ठिकाणं पाहत होती. मला माझी मैत्रीण घरात हवी होती. तू विचारलंस तेव्हा मी लिहिलं, कारण नसतं. भीतीनं लिहिलं. होणाऱ्या बाळाला तो आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. मी तेही नीट सांगितलं नाही.

तू मला काहीही बोल. पण पत्र लिही.

मंजू


अमडापूर
११ मार्च २००७

मंजू,

तुझी त्यानंतर तीन पत्रं आली. मी उघडली नाहीत. डब्यात टाकत गेली. तू फोन केला तेव्हाही बद्रुद्दीनभाईच्या बायकोले सांगितलं, शाहजादीभाभी, म्हणा मी वावरात आहे.

राग लग्नाचा नाही. मीच तुझ्या दादासाठी तुझ्यापुढं किती लाजत होती, ते तुले ठाऊक आहे. जबरदस्तीनं कोणी बांधलं नव्हतं. राग याचा की मी चार महिने पोटावर हात ठेवून झोपत होती अन् तुले माहीत असून तू मले एकटीले अंधारात ठेवलं. पहिल्यांदा म्हणाली सवय. दुसऱ्यांदा म्हणाली कारण नसतं. दोन्ही वेळा मी तुझं ऐकलं. मले शिकलेल्या माणसाचं खोटं ओळखता येत नाही, मंजू. मी ते खरं धरून वागते.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. पोरगा झाला हे तुझ्या दादानं कळवलंच असेल. धम्मरत्न नाव ठेवलं. पाचवा महिना चालू आहे. साडेतीन महिने साधा होता. मी रोज सकाळी त्याले मांडीवर घेऊन पाहत होती. आता गेला महिनाभर दूध सोडत नाही. सोडवलं की डोळे पांढरे करून रडतो. आत्या म्हणाल्या, "मुलगा आहे, भूक जास्तच." पण मी त्या रडण्यातला फरक ओळखते.

तारीख कळव. रक्त तपासायले त्याले घेऊन येतो आम्ही.

अन्नपूर्णा


पुणे
१९ मार्च २००७

प्रिय अन्नू,

२ एप्रिल, सोमवार. मी स्टँडवर असेन.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. यापुढे मला जे कळेल ते त्याच दिवशी तुला कळेल, चांगलं असो, वाईट असो. आजचं हे : अहवाल खेमासारखा आला तरी औषध लगेच मिळणार नाही. इतक्या लहान बाळाला ते देत नाहीत, आणि परवानगी खेमाच्या नावानं होती, ती चालणार नाही. पुन्हा पहिल्यापासून. दोन वर्षं, कदाचित जास्त. तोवर त्याला ताप येऊ द्यायचा नाही.

मंजू


अमडापूर
६ डिसेंबर २००९

प्रिय मंजू,
जयभीम.

आज सारे विहारात गेले आहेत. मी घरी राह्यली, तुले लिहायचं होतं.

सुया सुरू करून आज चौदावा दिवस. औषध बद्रुद्दीनभाईच्या दुकानातल्या फ्रिजमध्ये ठेवतो. वीज गेली की शाहजादीभाभी बर्फाच्या डब्यात घालतात, मले हाक मारायची वाटही पाहत नाहीत. सुई मीच देते. धम्मू तीन वर्षांचा झाला, एकतीस किलो, उचलून घेतला की माही कंबर धरते.

अकरा दिवस काहीच फरक नव्हता. मी तुझ्यावर चिडलीही होती मनात. परवा सकाळी त्याले वरण-भात कालवून दिला. पाच-सहा घास खाल्ले अन् तोंड फिरवलं. मी घास पुढं केला. त्यानं माहा हात लोटला. मले वाटलं, ताप आला. कपाळाले हात लावला, छातीले कान लावला. तुझ्या दादाले हाक मारली, म्हणाली, बैलगाडी नको, जीपच पाहा, चिखलीले जायचं. तो धावत आला. तेवढ्यात धम्मू खाली उतरला अन् अंगणात कोंबडीच्या मागं गेला. ताटात भात तसाच होता.

आम्ही दोघं त्या ताटाकडं पाहत राह्यलो. आमच्या घरात पोरानं भात ठेवलेला मी कधी पाह्यला नव्हता. आत्या दारात उभ्या होत्या. त्यांना सांगावं लागलं नाही, त्या खालीच बसल्या अन् पदर तोंडात घातला.

तुझा दादा रडला अन् हसला, दोन्ही केलं. बाहेर जाऊन रस्त्यावरच्या माणसाले सांगून आला, माह्या पोराचं पोट भरलं. तो माणूस म्हणाला असेल, याले झालं काय.

मी ताट उचललं. धुवायले नेलं नाही. तसंच घेऊन वावरात गेली. कपाशी वेचून झाली आहे, पऱ्हाट्या उभ्या आहेत, कोणी नव्हतं. तिथं बसली अन् मोठ्यानं रडली, खेमी गेली तेव्हा रडली नव्हती तेवढी. बारा दिवस, मंजू. फक्त बारा दिवस सुई लागली याले.

तिनंबी असंच तोंड फिरवलं असतं. माहा हात लोटून अंगणात गेली असती, तिले कोंबड्या लय आवडायच्या.

याचं उत्तर लिहू नको. मले ठाऊक आहे.

पुढच्या वेळेस औषध पाठवशील तेव्हा सुया बारीक पाठव.

तुझी,
अन्नू